नौपाड्यातला शिवणक्लास: आजीच्या फुग्याच्या बाहीसाठी गेले आणि मुंढा शिकून आले

चार महिने झाले, दोन कोर्स झाले, ऑफिसला घालून जाता येतील असे चार कपडे शिवून झाले, तेव्हा आता लिहिते. दुसऱ्याच शनिवारी लिहायला घेतलं होतं पण तेव्हा मी वैतागलेली होते, बरं झालं नाही लिहिलं.

आधीच सांगते, क्लास घेणाऱ्या काकूंनी नाव-पत्ता टाकायचा नाही असं बजावलंय. त्या एका वेळी चारच जणी घेतात आणि फोन घेऊन घेऊन दमतात. ठाण्यात नौपाड्यात आहे एवढं लिहायची परवानगी मिळालीये. मलाही जांभळी नाक्याच्या एका दोरे-बटणांच्या दुकानातच कळलं होतं, तिथे विचारलंत तर सांगतील.

तर मला जुन्या पद्धतीचे कपडे आवडतात, कॉलेजपासून. पन्नासच्या दशकातला कमरेला बसणारा आणि खाली घेर असलेला शर्ट-ड्रेस, साठच्या दशकातला बोट नेकचा (आडव्या रुंद गळ्याचा) घट्ट कुर्ता, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आजीचा झंपर. आजीचा १९५६ चा स्टुडिओतला फोटो आहे आमच्याकडे, मागे रंगवलेला पडदा, हाताशी कुंडीचं स्टूल, आणि अंगात फुग्याच्या बाहीचा ब्लाउज, गळ्याला बारीक पायपिंग. तो ब्लाउज कळव्याच्या घरी ट्रंकेत अजून आहे! फिकट पिस्ता रंग, केंब्रिकसारखं कापड, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेलं. मला तसाच हवा होता, माझ्या मापाचा.

दुकानात 'विंटेज' म्हणून मिळतं ते मी घेऊन पाहिलंय. लांबून छान दिसतं, पण जवळून बघितलं तर पॉलिएस्टर, आत सगळीकडे ओव्हरलॉक (कडेचे धागे निघू नयेत म्हणून मशीनने मारलेली गुंतवण) आणि मार्जिन, म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड, जेमतेम पाव इंच, म्हणजे अंगाला लागला तर सोडायला काही नाहीच. एका बुटीकमध्ये मावशीच्या जुन्या साडीचा ब्लाउज शिवायला दिला होता, त्यांनी मार्जिन कापून टाकलं आणि उरलेलं कापडही परत दिलं नाही, तेव्हा ठरवलं की आता स्वतःच शिकायचं.

सुरुवात घरीच केली. पन्नाशीच्या स्टाइलच्या ड्रेसचा पीडीएफ पॅटर्न विकत घेतला, ऑफिसात ए-फोर कागदांवर प्रिंट काढला, चिकटपट्टीने जोडला, साडेतीन मीटर पॉपलीन कापलं, शिवलं आणि तो छातीवर बसेचना. पॅटर्नच्या पहिल्या पानावर १० सेंटीमीटरचा चौकोन असतो, तो आधी पट्टीने मोजायचा असतो, मी मोजला नव्हता. प्रिंटरवर 'फिट टू पेज' होतं त्यामुळे चौकोन साडेनऊचाच आला होता, म्हणजे ३८ इंचांच्या छातीला जवळजवळ दोन इंच गेले. त्या पॉपलीनचं फार वाईट वाटलं. आणि जे लोक जुने खरे अमेरिकन पॅटर्न मागवायचा विचार करतायत त्यांनी लक्षात ठेवा, पाकिटावरचा १६ नंबर आजच्या १६ पेक्षा बराच लहान असतो, नंबर बघायचाच नाही, छातीचा इंच बघायचा.

मग जूनमध्ये काकूंकडे गेले.

तळमजल्यावरचं जुनं घर, खिडकीशी ओळीने तीन मशिनी, दोन पायमशिनी आणि एक मोटर लावलेली. काकूंचे मिस्टर रेमंडच्या मिलमध्ये होते, पोखरण रोडवर, जिथे आता टॉवर उभे राहिलेत. १९२५ पासूनची मिल ती, ठाण्यातल्या कितीतरी घरांत तिथला पगार आलेला आहे. काकूंच्या कपाटात अजून लोकरी कापडाचे कटपीस घडी घालून ठेवलेत, मध्ये कडुनिंबाचा पाला. त्यांना हात लावू देत नाहीत पण विचारलं की एकेक काढून दाखवतात.

पहिल्या दोन शनिवारी कापडच नाही. वहीचं रेघांचं पान मशीनखाली घालायचं, सुईत दोरा न ओवता, आणि रेघेवरून भोकं पाडत जायचं. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग वाटी ठेवून काढलेले गोल. कोपरा आला की सुई खाली ठेवून कागद फिरवायचा. पायमशीन उलटं फिरू न देता सुरू करणं हेच मला तासभर जमत नव्हतं, आणि मी ४,५०० रुपये भरून कागदाला भोकं पाडतेय असं वाटायला लागलं. तिसऱ्या शनिवारी मांजरपाटावर (साधं कोरं सुती कापड) पहिली टीप मारली तेव्हा लक्षात आलं की हात आपोआप रेघेवर राहतोय. घरच्या मशीनवर वर्षभर मी कापड ओढत होते, ढकलत होते, ते सगळं त्या दोन शनिवारांत गेलं.

मग मापं. एकूण सतरा. आमच्या टेलरकडे सहा-सात घेतात. काकू खांद्याचा उतार वेगळा घेतात, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठ वेगळी, समोरची लांबी वेगळी, दोन्ही दंड वेगवेगळे (माझा उजवा अर्धा इंच जास्त आहे, मला आयुष्यात माहीत नव्हतं). आणि माप देताना पोट आत घ्यायचं नाही, "श्वास सोड गं बाळा, ब्लाउज घालून तू श्वास घेणारच आहेस ना?"

आता मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या गोलाईबद्दल, सविस्तर लिहिते कारण चार महिन्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मला वाटायचं जुन्या ब्लाउजची सगळी जादू बाहीत आहे. काकूंनी आजीचा ब्लाउज हातात घेतल्यावर बाहीकडे बघितलंही नाही, थेट काखेत बोट घातलं. म्हणाल्या, "हे बघ, मुंढा किती वर आहे." खरंच, अगदी काखेला लागून. मी घाबरले, म्हटलं हा काचेल. तर त्यांनी मला माझा रेडीमेड कुर्ता घालायला लावला आणि सांगितलं, "आता लोकलमध्ये कडी धरून दाखव." मी हात वर केला तर आख्खा कुर्ता कमरेपासून चार बोटं वर आला. कारण मुंढा खोल होता. बाही काखेच्या खूप खाली जोडलेली असली की हात वर जाताना बाही अख्ख्या अंगाला ओढून नेते. मुंढा वर, काखेजवळ असला की हात हलतो आणि ब्लाउज जागेवर राहतो. रेडीमेडमध्ये मुंढा खोल ठेवतात कारण एकच माप दहा जणींना बसवायचं असतं, त्यांचंही बरोबरच आहे, पण माझ्यासाठी शिवताना मी तसा का कापायचा! जुन्या फोटोंतल्या बायका इतक्या नेटक्या दिसतात त्याचं मोठं कारण हे आहे. त्या दिवसापासून मी फोटोत, सिनेमात, कुठेही आधी काख बघते.

त्यानंतर प्रत्येक ब्लाउजची ट्रायल म्हणजे कडी धरून दाखवणं. मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज घालून चौघीजणी खोलीत हात वर करून उभ्या.

आजीच्या ब्लाउजची कॉपी काढायचे दोन शनिवार मी विसरणार नाही. तो उसवायचा नव्हता, मी आधीच सांगितलं होतं. काकूंनी टेबलावर जुनं ब्लँकेट चौघडी करून अंथरलं, त्यावर ब्राऊन पेपर, त्यावर ब्लाउज. आधी कापडाचा उभा धागा कुठे जातोय ते भिंगातून बघितलं आणि त्याच्यावरून एक लाल धावदोरा घातला, पाठीला एक, पुढच्या भागाला एक. मग पेपरवर रेघ मारली आणि तो लाल दोरा बरोबर त्या रेघेवर बसवला. मग बारीक, नव्या कोऱ्या टाचण्या, आणि टाचणी फक्त शिवणीतच टोचायची, कापडात नाही, कारण सत्तर वर्षांचं कापड एका भोकातून फाटत जाऊ शकतं. शिवणीवरून अर्ध्या अर्ध्या इंचावर टाचणी सरळ खाली दाबायची, पेपरला भोक पडतं, पुढे जायचं. टक्स (अंगाचा आकार यावा म्हणून घातलेल्या चिमट्या) आले की टक्सची खोली आतून मोजून नंतर कागदावर परत द्यायची. ब्लाउज उचलला तेव्हा ब्राऊन पेपरवर नुसती भोकांची रांग होती आणि ती उजेडाला धरली तर मुंढ्याची गोलाई चमकत होती. आजी कशी होती अंगाने, तिचा एक खांदा जरासा उतरता होता, हे मला त्या भोकांवरून कळलं. मी तिला फक्त म्हातारपणी बघितलंय.

भोकं जोडून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणी मोजून जुळवायच्या, मगच मार्जिन द्यायचं. कडेला दीड इंच, त्यात काकू तडजोड करत नाहीत. आजीच्या ब्लाउजला तेवढंच आहे, आणि दोनदा सोडलेल्याच्या खुणाही आहेत, बहुतेक माझ्या बाबांच्या आणि आत्याच्या वेळच्या.

फुग्याची बाही त्या मानाने पटकन झाली. साध्या बाहीचा कागद उभा सात पट्ट्यांत कापायचा, वरून पसरवायचा, मध्यभागी वर एक-सव्वा इंच उंची द्यायची, नवीन गोलाई काढायची. चुण्या मशीनवर लांब टाक्याच्या दोन समांतर टिपा मारून दोरे ओढून घ्यायच्या. मी टू बाय टू रुबिया (ब्लाउजचं पातळ कापड) घेतलं होतं, त्याचा फुगा पहिल्या धुण्यात बसला. काकू म्हणाल्या आतून ऑर्गंडीची (पातळ पण कडक कापड) पट्टी घाल, मुंढ्याच्या शिवणीत धरून. घातली, आता तो उभा राहतो, आणि इस्त्री करताना आत गोळा केलेला रुमाल घालायचा. रुबियाला सुई ११ नंबर, पॉपलीनला १४, आणि टाका इंचात बारा. माझ्या घरच्या मशीनवर तो २ वर येतो, मी कायम अडीचवर शिवत होते म्हणून शिवण जरा भरड दिसायची. काठ फ्रेंच शिवणीने (कडेचे धागे आत दडवणारी दुहेरी शिवण) बंद, ओव्हरलॉक नाहीच.

शिकवताना काकू बोलतात खूप आणि ते मला फीइतकंच मोलाचं वाटलं. मी विचारलं की चाळीसच्या दशकातले कपडे असे आखूड-अरुंद आणि पन्नाशीत एकदम घेर कसा आला, तर त्यांनी आईकडून ऐकलेलं सांगितलं, कंट्रोलचं कापड, रांगा. लढाईचे दिवस ते. इंग्लंडमध्ये १९४१ पासून कपड्यांना कूपन होती, आपल्याकडे १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं. आणि लढाई संपल्यावर १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये डिओर या फॅशन डिझायनरने बारीक कमर आणि मोठ्ठ्या घेराचे कपडे दाखवले, त्यावर टीकाही झाली की एवढं कापड उधळता कशाला. हे मी वाचलेलं होतं पण काकूंच्या आईच्या रांगेशी कधी जोडलं नव्हतं. सिनेमाचे कपडे डिझाइन करणाऱ्या भानू अथैयांचा विषय निघाला की काकू कात्री खाली ठेवतात. कोल्हापूरची मुलगी, १९८३ मध्ये ऑस्कर घेणारी पहिली भारतीय, आणि नटी साधनाचा तो घट्ट कुर्ता-चुडीदार त्यांचाच. तो कुर्ता अंगाला इतका चिकटून असूनही सुरकुती का पडत नाही हे काकूंनी एक आख्खा तास टक्स काढून दाखवलं, कोर्समध्ये नसताना.

आता जे आवडलं नाही ते पण लिहिते. उजेड कमी आहे. एकच ट्यूब, पावसाळ्यात संध्याकाळी काळ्या कापडावर काळी टीप दिसत नाही, मी नंतर क्लिपचा दिवा घेऊन जायला लागले. जुलैत पावसाने दोन शनिवार बुडाले, ते भरून दिले पण मधल्या वारी, ऑफिसवाल्यांना अवघड. नोट्स मिळत नाहीत, सगळं वहीत स्वतः उतरवायचं, व्हिडिओ काढू देत नाहीत, कागदाचा फोटो चालतो. मापं फक्त इंचात. पँट, टी-शर्टचं ताणणारं कापड, झिप असलेलं आधुनिक काही शिकायचं असेल तर दुसरीकडे जा, त्या सरळ नाही म्हणतात. आणि गळ्याच्या बाबतीत त्यांची मतं पक्की आहेत. मला साठच्या दशकासारखी खोल पाठ हवी होती, तीन शनिवार "थंडी वाजेल" चाललं होतं, शेवटी मी फोटो आणून दाखवला तेव्हा कापून दिली, आणि कापली तेव्हा मात्र अशी कापली की खांद्यावरून एक सूतही घसरत नाही, आतून उरेब (तिरकी कापलेली) पट्टी ताणून लावली आहे. पण शिकणाऱ्याने स्वतःच्या कपड्यासाठी इतकं झगडायला लागू नये असं मला वाटतं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या आठ शनिवारांचे ४,५००, दुसऱ्या आठांचे ५,०००, कागद त्यांचा, कापड आपलं. पहिलं सगळं मांजरपाटावरच होतं त्यामुळे कापडाचा खर्च कमी. एक चांगली कातर मात्र घ्याच आणि तिने कागद कापू नका. अस्तर, हुक, लेस जांभळी नाक्याला मिळतात, जरा वेगळ्या प्रिंटचं कॉटन हवं असेल तर मी मंगलदास मार्केटला जाते, ठाण्याहून स्लो लोकल पकडून मशीद बंदर, शनिवारी सकाळी लवकर. कुठूनही आणा, कापायच्या आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करा. माझ्याबरोबरच्या एकीने घाईत तसंच कापलं आणि तिचा ब्लाउज पहिल्या धुण्यानंतर बोटभर आखूड झाला.

कुणी जावं? ज्यांना एका महिन्यात घालायला ब्लाउज हवाय त्यांनी नको. ज्यांच्या घरी आजीचं, आईचं काही ठेवणीतलं आहे आणि ते परत अंगावर यावं असं मनापासून वाटतं त्यांनी नक्की जा, आणि ते कपडे घेऊन जा. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या उजेडाचा आणि गळ्याचा मिळून कापला.

पिस्ता रंगाचं तसंच कापड मला मिळालं नाही, खूप फिरले. शेवटी फिकट आंब्याच्या रंगाचं घेतलं. गणपतीत घालून कळव्याला गेले तेव्हा आत्याने दार उघडलं, काही बोललीच नाही, नुसती बाही चाचपत राहिली, मग मला आत नेऊन फोटो भिंतीवरून काढला आणि माझ्या खांद्याशी धरून बघितला.

सध्या पूर्ण गोल घेराचा स्कर्ट चाललाय. कमर ३० म्हणजे मधल्या गोलाची त्रिज्या पावणेपाच इंच, लांबी २७, ४४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) दोन अर्धगोल काढायचे तर साडेतीन मीटर लागतंच, मी पावणेचार घेतलं. गोल घेरात काही भाग उरेब येतो आणि तो स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, म्हणून लगेच हेम करायचं (खालची कड दुमडून शिवायची) नसतं. कालपासून पट्टा लावून पडद्याच्या रॉडला टांगून ठेवलाय. आत्ता पट्टीने मोजलं तर एका बाजूला पाऊण इंच उतरलाय, दुसऱ्या बाजूला जेमतेम पाव. शनिवारपर्यंत तसाच राहू देते, काकू खालून सारखा करून देतील मग हाताने तुरपाई घालीन.